सांगाडा आधी: एका जुन्या गो-कार्टच्या दुरुस्तीच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. फोंडा

काल दसऱ्याला गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगत बसून चालवायची छोटी उघडी गाडी, आमच्या पोर्चमध्ये आणून ठेवली. कवळ्याच्या काकींचं जुनं घर उतरवायला काढलंय आणि मांगरातलं (घराबाहेरच्या कोठारातलं) सगळं सामान बाहेर पडतंय, त्यात ही होती. काका बहारीनला नोकरीला होते. १९८९ साली परत येताना घरसामानाच्या कंटेनरमधून त्यांनी ही आणली आणि काही वर्षं एका खाणीच्या मोकळ्या यार्डात रविवारी चालवली. पुढे ती मांगरात पडून राहिली. काकी एवढंच म्हणाल्या, "भंगारवाल्याला देऊ नको. बाकी तुला काय करायचं ते कर."

मी नोकरीने हिशेबनीस आहे. स्कूटरचा प्लग बदलण्यापलीकडे इंजिनाला कधी हात लावलेला नाही. त्यामुळे केलेलं प्रत्येक काम लिहून ठेवणार आहे. पुढे मलाच उपयोग होईल, आणि गोव्याच्या दमट हवेत असं काही उघडून बसलेल्या दुसऱ्या कुणालाही.

आजची अवस्था: पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर जुना लाल रंग आणि रंगाच्या आतून फुगलेला गंज. मागचा आस भरीव, २५ मिमी जाडीचा. प्लॅस्टिकचे बंपर किंवा पुढचं पॅनेल काही नाही, फक्त बंपर म्हणून आणि बाजूला वाकवलेल्या नळ्या. फायबरची सीट उजव्या कडेला फाटलेली. ब्रेक एकच, मागच्या आसावरची डिस्क. इंजिन यामाहा केटी-१००, जाम. चाकं चार, टायर दगडासारखे.

२० ऑक्टोबर २०२४

सगळं सुटं केलं. प्रत्येक जोडाचे आधी तीन बाजूंनी फोटो, मग नट-बोल्ट झिपच्या पिशवीत आणि पिशवीत कागदाची चिठ्ठी. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले तेही चिठ्ठीवर लिहिलं. पुढच्या चाकांच्या आतले पातळ कडे किती आणि कोणत्या बाजूला होते यावर कार्टचं वळणं अवलंबून असतं, त्यामुळे ते तसेच दोऱ्यात ओवून ठेवले.

भाचा मदतीला आहे. तो नववीत आहे आणि त्याला पान्यांचे आकार माझ्याआधी पाठ झाले.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. जे दिसतं ते शक्य तेवढं जुनंच ठेवायचं: स्टिअरिंगचं चाक, पेडल, पेट्रोलची टाकी, इंजिनावरची पाटी. जिच्यावर जीव टांगलेला असतो ती प्रत्येक वस्तू मात्र नवी घ्यायची किंवा तपासून सिद्ध करायची: स्टिअरिंगचे जोड, किंगपिनचे (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचे) बोल्ट, ब्रेक, आस. चकचकीत रंग देऊन आत तडा गेलेली नळी तशीच ठेवणारी दुरुस्ती मला मान्य नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते सर्रास होतं.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली. नरकासुराचा पुतळा जाळल्यावर रस्त्यावर उरलेल्या त्याच्या सांगाड्यातल्या चार सळया भाच्याने उचलून आणल्या, त्या आज कामाला आल्या.

गंज काढायला विजेची पद्धत वापरली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, दर चार लिटरला साधारण चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह सळईला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. बारीक बुडबुडे सुरू होतात आणि रात्रभरात तांबडा गंज काळा पडून ब्रशने निघतो. आतलं चांगलं लोखंड जात नाही, हा अ‍ॅसिडपेक्षा मोठा फायदा.

तीन पथ्यं पाळली. सळईच्या जागी स्टेनलेसचा तुकडा कधीच नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्या अंगणात. आणि या पिंपात फक्त साधं पोलाद: बंपर, बाजूच्या नळ्या, पेडल, पट्ट्या. पुढचे स्टब अ‍ॅक्सल (ज्यावर पुढचं चाक फिरतं ते आखूड आस) आणि स्प्रिंगा यात टाकल्या नाहीत. कणखर पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं, आणि स्टब अ‍ॅक्सल ठिसूळ झाला तर वळणावर चाक निघून जाईल. ते हाताने, ब्रश आणि रॉकेल घेऊन साफ केले. अ‍ॅल्युमिनियमलाही हे पाणी चालत नाही, सोडा ते खातो.

१७ नोव्हेंबर २०२४

आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्टला सस्पेन्शन नसतं. स्प्रिंग नाही, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाही. नळ्यांचा सांगाडा स्वतः पिळला जातो आणि परत येतो, तेच सस्पेन्शन. दुसरी गोष्ट, मागे डिफरन्शियल नाही. मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, तशी सोय डिफरन्शियल करतो. कार्टची दोन्ही मागची चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, म्हणजे दोन्ही सारख्याच वेगाने फिरणार. मग ती वळते कशी? आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचलून!

ते उचलणारं यंत्र पुढे आहे. पुढच्या चाकांचा किंगपिन मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की या कलामुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. सांगाडा तिरका पिळला जातो आणि आतल्या बाजूचा मागचा कोपरा हलका होतो. चाक सुटलं की कार्ट मोकळी वळते. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी लू बोरेली यांच्या मदतीने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या चौकटीला लावून पहिली कार्ट बांधली. आजच्या शर्यतींतल्या कार्टलाही सस्पेन्शन नाही आणि डिफरन्शियलही नाही.

आता याचा अर्थ असा की सांगाडा एका कोपऱ्यात तीन मिलिमीटर वाकडा असेल तर कार्ट एका बाजूला छान वळेल आणि दुसऱ्या बाजूला सरळच जाऊ पाहील. रंगाने हे झाकलं जात नाही. म्हणून आधी माप.

सपाट जागा हवी होती. घराचं फरशीकाम या कामाचं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट विकणाऱ्याकडून कडेला तुकडा उडालेली एक जाड लादी मिळाली. लांब स्टीलची पट्टी उभी धरून, मागे टॉर्च लावून पाहिलं, प्रकाशाची फट कुठे दिसली नाही. लादी पाण्याच्या लेव्हलने बसवली, वर चार सारखे ठोकळे, त्यावर सांगाडा.

पुढचा उजवा कोपरा ठोकळ्यापासून साधारण तीन मिमी वर राहतो. कर्णही मोजले: डाव्या किंगपिनच्या मध्यापासून उजव्या मागच्या बेअरिंगच्या मध्यापर्यंत, आणि उलट. फरक चार मिमी. दोन मोजमापं एकच गोष्ट सांगतात: काकांनी कधीतरी उजवं पुढचं चाक कशावर तरी चढवलं होतं. सरळ करायला लागणार, पण त्याआधी तडे शोधायचे.

१ डिसेंबर २०२४

शेजारचे काका बार्ज दुरुस्तीच्या यार्डात वेल्डर होते, आता निवृत्त आहेत. झुआरी नदीच्या काठावर आयुष्य गेलं त्यांचं. खनिज वाहणाऱ्या बार्जचा तळ वेल्ड केल्यावर तडा राहिला का ते तपासायची पद्धत त्यांनी मला शिकवली.

तीन डबे असतात. पहिल्या क्लीनरने नळीचा जोड अगदी स्वच्छ करायचा. दुसरा लाल द्रव फवारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तडा डोळ्याला दिसत नसला तरी द्रव त्यात शिरतो. मग क्लीनर फडक्यावर घेऊन वरचा लाल पुसायचा. क्लीनर थेट नळीवर मारायचा नाही, नाहीतर तड्यातलाही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर.

इंजिनाच्या बाजूच्या बेअरिंगच्या पट्टीपाशी डेव्हलपर वाळून खडूसारखा झाला. पहिला मिनिटभर काहीच नाही. मग वेल्डच्या कडेलगत एक गुलाबी ठिपका उमटला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता दोघं जोडले जाऊन केसाएवढी लाल रेघ नळीच्या निम्म्या घेरापर्यंत गेली. हाताने चाचपलं तर तिथे काहीच लागत नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, "ही रेघ बघून ठेव. ही दिसली नसती तर तू हिच्यावर बसून धावला असतास." सीटच्या डाव्या आधारापाशी आणखी एक रेघ निघाली, लहान.

आधी सांगाडा सरळ केला. यार्डातला हायड्रॉलिक जॅक, दोन भक्कम चॅनेल आणि पुष्कळ धीर. तापवायचं नाही, थंडच. क्रोम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची नळी गॅसवर लाल केली की तिचा कणखरपणा जातो. थोडं जास्त वाकवायचं, सोडायचं, मोजायचं, परत. कर्णांतला फरक एक मिमीच्या आत आल्यावर काकांनी थांबवलं. त्यापुढे गेलं तर नळीलाच त्रास, असं त्यांचं मत आणि ते मला पटलं.

मग वेल्डिंग. तड्याच्या दोन्ही टोकांना अडीच मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. रंग लांबपर्यंत खरवडून काढला. टिग वेल्डिंग, मऊ पोलादाची भरण-तार. वेल्ड झाल्यावर पाणी नाही, पंखासुद्धा नाही. सावकाश, आपोआप निवू द्यायचं. वेल्डचा उंचवटा घासून गुळगुळीत करायची मला हौस होती, काकांनी हात धरला: तो उंचवटा जोडाचं बळ आहे, दिसायला बरं म्हणून तो कापायचा नसतो.

८ डिसेंबर २०२४

चाकं. मागची अ‍ॅल्युमिनियमची आहेत, पुढची वेगळी वाटली, हाताला फारच हलकी. एका रिमचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९०० ग्रॅम. काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, ५१० मिली. भागाकार १.७६. अ‍ॅल्युमिनियम असतं तर २.७ च्या आसपास आलं असतं, म्हणजे हे मॅग्नेशियम. खात्रीसाठी आतल्या बाजूला व्हिनेगरचा थेंब टाकला, तो लगेच फसफसला.

मॅग्नेशियमची आणि खाऱ्या हवेची दुश्मनी आहे. टायर उतरवल्यावर आतली कड पांढऱ्या भुकटीने भरलेली आणि खड्डे नखभर खोल. घासून वापरायचा विचार सोडून दिला. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी टाकलं तर ती भडकते, त्यामुळे ग्राइंडर लावणं तर नकोच. जुनी दोन्ही चाकं तेल लावून शोभेला ठेवली. पुढे अ‍ॅल्युमिनियमची घेणार.

टायर भाड्याच्या कार्ट ट्रॅकवरून मिळाले, थोडे झिजलेले. पुढचे १० × ४.५०-५, मागचे ११ × ७.१०-५. मला शिकायला हेच बरे.

२२ डिसेंबर २०२४

इंजिन उघडलं. माझ्याबरोबर फोंड्यातले जुने मेस्त, म्हणजे मेकॅनिक, होते. पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, दोन-स्ट्रोक गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. केटी-१०० त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, पण अर्ध्या तासात त्याच्याशी ओळख करून घेतली.

त्यांचा पहिला प्रश्न: आरएक्स-१०० मोटारसायकलचा पिस्टन बसेल का? दोन्ही यामाहा, दोन्ही शंभर सीसीच्या जवळ. बसत नाही. आरएक्सचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ५०. केटीचा बोर ५२ आणि स्ट्रोक ४६, म्हणजे ९७.६ सीसी. स्ट्रोक आखूड म्हणून हे इंजिन जास्त वेगात फिरू शकतं. आरएक्सची ११ अश्वशक्ती मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर मिळते, हे दहा हजारांच्या पुढे जाऊन १५ च्या आसपास देतं. आणखी एक फरक मेस्तांनी बोट ठेवून दाखवला. आरएक्सच्या इनटेकला रीड व्हॉल्व्ह (पातळ पाकळीची एकतर्फी झडप) असतो, इथे काहीच नाही. पिस्टनचा खालचा घेरच वर-खाली जाताना इनटेकचं दार उघडतो आणि बंद करतो. एवढे कमी भाग असलेलं इंजिन नवशिक्याच्या हाती पडणं हे माझं भाग्यच.

जाम का झालं तेही दिसलं. पिस्टन अर्ध्यावर थांबला होता, एग्झॉस्टचं तोंड उघडं राहिलं. इतक्या पावसाळ्यांची दमट हवा तिथून आत गेली आणि रिंगा जिथे टेकल्या होत्या तिथे बिडाच्या लायनरला गंजाने चिकटवलं. आम्ही गेला आठवडा प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल भरून ठेवलं होतं. आज हेड काढून, लाकडी ठोकळा ठेवून मेस्तांनी टिचक्या मारल्यासारखे हलके ठोके दिले. पिस्टन सुटला. हातोडीने फ्लायव्हील फिरवायचा मोह इथे आवरावा लागतो. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) दाबून बसवलेला असतो, तो एकदा तिरका झाला की इंजिन गेलं.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला, मोठ्या टोकाला खेळ नाही. बाजूला हलतो, तेवढा हवाच. क्रँक कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर तपासून आणला, सरळ आहे.

पिस्टन नवा लागणार. तो बाहेरच्या देशातून मागवला. मेस्तांचा नियम: आधी पिस्टन हातात, मग बोर. पिस्टन मापून त्याच्या मापाने बोर घासायचा. उलट केलं तर मधली फट नशिबावर राहते.

१२ जानेवारी २०२५

बेअरिंग आणि बोल्ट. मडगावच्या बेअरिंगच्या दुकानात माप घेऊन गेलो. मागच्या आसाला आत २५ आणि बाहेर ५२ मिमी, पिठाच्या गिरणीत वापरतात त्याच जातीचं, बाहेरून गोलसर. पुढच्या चाकांना ६००३. दोन्ही समोरच्या फळीवरच होती.

आस व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला, सरळ निघाला. चेन मात्र चुकीची आली. मला २१९ नंबरची, म्हणजे ७.७७४ मिमी अंतराची हवी होती, पाठवणाऱ्याने ३५ नंबरची दिली, तिचं अंतर ९.५२५. हातात घेऊन फरक पटकन कळत नाही, दातांवर दहा कड्या बसवून बघितल्यावर कळतो. परत पाठवली.

बोल्टबद्दल एक गोष्ट आग्रहाने लिहितो. समुद्राजवळ राहणारा प्रत्येक जण सांगतो, स्टेनलेसचे बोल्ट लाव, गंज नाही. टाकीला आणि नंबरच्या पाटीला जरूर लावावेत. स्टिअरिंग, किंगपिन, ब्रेक इथे नाही. बाजारात मिळणारा साधा ए२-७० स्टेनलेस ७०० मेगापास्कलला तुटतो, ८.८ चा पोलादी बोल्ट ८०० ला आणि १०.९ चा हजाराच्या वर. इथे १०.९, वर नायलॉनचा नट, आणि गंजू नये म्हणून ग्रीसचं बोट. नायलॉनचा नट एकदा काढला की परत वापरायचा नाही.

२६ जानेवारी २०२५

पिस्टन कस्टममध्ये अडकलाय. वाट बघतोय.

९ फेब्रुवारी २०२५

थंडीचे कोरडे दिवस रंगासाठीच आहेत. पावसाळ्यात मारलेला रंग दमट हवेने पांढुरका पडतो. सगळे सांगतात पावडर कोटिंग कर. मी साधा एनॅमलच मारला, ब्रशने प्रायमर आणि फवाऱ्याने लाल. पावडर कोटिंगचा थर जाड आणि चिवट असतो, खालची नळी तडकली तरी वरचा थर तसाच राहतो. एनॅमल लगेच तडकतो आणि सांगतो. वेल्ड केलेल्या दोन जागांवर रंग पातळच ठेवलाय.

सीट मालिम जेटीवर होड्यांचं फायबर करणाऱ्या एका कारागिराने दुरुस्त करून दिली. आतून तुटक धाग्यांची मॅट, रेझीन, परत मॅट, आणि कड दुमडून. त्याला मी सांगितलं की ही सीट फक्त बसायला नाही. ती चार ठिकाणी सांगाड्याला बांधलेली असते आणि तिच्या कडकपणावर मागची चाकं किती पकड घेतात ते ठरतं. त्याने मान हलवली आणि एक थर कमी केला. होडीसारखी दणकट केली असती तर कार्ट ताठ झाली असती.

२ मार्च २०२५

पिस्टन आला. बोर त्याच्या मापाने घासून झाला. रिंग बोरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली, ०.२ मिमी. क्रँकची बेअरिंगं फ्रीजरमध्ये ठेवली आणि केसचे दोन भाग ओव्हनमध्ये शंभर अंशांपर्यंत तापवले. बेअरिंग हाताने सोडलं आणि टक्क करून खाली बसलं, ठोकावं लागलं नाही. बेअरिंगही नेहमीपेक्षा थोड्या मोकळ्या जातीची, सी-४ खुणेची. इतक्या वेगात ती तापून फुगतात.

मग हवेची चाचणी. दोन-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं, मग वर जातं. केस कुठे गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. म्हणून इनटेक आणि एग्झॉस्ट रबर आणि पट्टीने बंद केले आणि रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा प्लगच्या भोकाला जोडला. ३०० मिमी पारा म्हणजे ०.४ बार, या कामाला तेवढंच पुरे. काटा हळूहळू उतरू लागला. साबणाचं पाणी लावलं, स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे. सील नवीनच होता, पण दुकानातून दिलेला साध्या रबराचा आणि त्याची ओठाची कड दुमडलेली. व्हिटॉनचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराचा, आणून बसवला. आता काटा जागचा हलत नाही.

१६ मार्च २०२५

शिगम्याच्या सुट्टीत ब्रेक पूर्ण केला. मास्टर सिलिंडरच्या आत खड्डे होते, लेथवर पितळेची बाही बसवली आणि मापाने नवे सील घातले. पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतच्या दांड्याबरोबर एक पोलादी तारही जोडली. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या नियमांत हा जोड दुहेरी असणं सक्तीचं आहे, तार किमान १.८ मिमी. दांडा तुटला तरी ब्रेक लागतो. जुन्या कार्टवर ही तार नव्हती. जुनेपणा राखायचा माझा आग्रह इथे संपतो.

१३ एप्रिल २०२५

कार्ब्युरेटर वॉलब्रोचा. त्यात फ्लोट नसतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा किती सोडायचं ते ठरवतो. दोन्ही वाळून कडक झाले होते, नवे घातले. बाहेर दोन स्क्रू, एक कमी वेगासाठी आणि एक जास्त वेगासाठी.

पेट्रोल आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. म्हणून ताजं पेट्रोल, गरजेपुरतं, आणि चालवून झालं की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे. तेल वीसास एक, पाच लिटरला २५० मिली. शर्यतीच्या दर्जाचं तेल घेतलं. स्कूटरला चालतं ते या वेगाला पुरत नाही.

या कार्टला क्लच नाही. इंजिन फिरलं की चाकं फिरणार, चाकं थांबली की इंजिन बंद. त्यामुळे सुरू करायचं ते ढकलून: एकाने मागचा बंपर धरून चाकं उचलायची, धावायचं आणि वेग आला की सोडून द्यायचं. ओळखीतल्या एका बंद काजू फॅक्टरीचं सिमेंटचं अंगण मिळालंय. भाच्याने उचलून धाव घेतली, सोडलं, चाकं घसटली. पुन्हा. कमी वेगाचा स्क्रू थोडा उघडला. पुन्हा. मग एकदम तो फाटक्या कापडासारखा आवाज झाला, निळा धूर सुटला आणि इंजिन पकडलं. मेस्त अंगणाच्या कडेला उभे होते, त्यांनी दोन्ही हात वर केले. मी अंगणाला एक फेरी मारून थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी होतं. धूर जवळ नव्हता.

४ मे २०२५

आज खरं चालवलं. हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, चेनवर जाळी. टायरमध्ये १४ पीएसआय.

चेनच्या चक्रांना इंजिनाकडे १० दात, मागच्या आसावर ८०. इंजिन दहा हजार फेऱ्यांवर असेल तर आस १,२५० फिरतो, टायरचा घेर ०.८८ मीटर, म्हणजे ताशी ६६ किलोमीटर. जमिनीपासून दोन बोटांवर बसून हा वेग फार वाटतो. नवा पिस्टन आहे म्हणून पहिल्या फेऱ्या अर्ध्या थ्रॉटलवर, मग पूर्ण निवू दिलं, मग परत. सरळ पट्टीच्या शेवटी थ्रॉटल सोडायच्या क्षणी हात मागे नेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळवा ठेवायचा, ही जुन्या शंभर सीसीवाल्यांची रीत. त्या क्षणी हवा बंद होते, पेट्रोल-तेल जास्त ओढलं जातं आणि तापलेल्या पिस्टनला तेल मिळतं. प्लग काढून पाहिला, करडा-तपकिरी. पांढरा असता तर लगेच थांबलो असतो.

सुरुवातीला कार्ट दोन्ही बाजूंना सरळच जाऊ बघत होती, पुढची चाकं घसरत होती. दोन्ही बाजूंना सारखं, म्हणजे सांगाडा सरळ आहे. इथे मला सगळ्यात जास्त आनंद झाला. दोऱ्यात ओवून ठेवलेली कडी घेतली आणि पुढची चाकं प्रत्येक बाजूला पाच मिमी बाहेर सरकवली. पुढचा रुंदपणा वाढला की आतलं मागचं चाक जास्त उचललं जातं. पुढच्या फेरीत भाचा वळणावर जमिनीला गाल टेकवून बघत होता. तो ओरडला, "मामा, उचललं! मागचं उचललं!" स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं होतं. नोव्हेंबरात कागदावर लिहिलेलं पाठीला जाणवलं.

काकींना आणलं होतं. त्या फॅक्टरीच्या पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, "ह्यांचं वळण असंच होतं, अंगाला लागून. तेव्हा तर मागे बसायचा हट्ट करायचे मी."

१८ मे २०२५

यंदा पाऊस लवकर येणार असं हवामान खातं सांगतंय, म्हणून आजच कार्ट बांधून ठेवली. टाकी, नळी, कार्ब्युरेटर रिकामे. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, हाताने चाकं फिरवली आणि पिस्टन एग्झॉस्टचं तोंड बंद होईल अशा जागी थांबवला. एग्झॉस्टमध्येही तेलाचं फडकं कोंबलं. चेन तेलाच्या डब्यात. टायर जमिनीवर टेकू नयेत म्हणून सांगाडा ठोकळ्यांवर. प्लॅस्टिकने झाकली नाही, आत घाम धरतो. वर जुनी सुती चादर, आणि दर पंधरा दिवसांनी उचलून वेल्डच्या दोन जागा बघायच्या.

उरलेली कामं: स्टिअरिंगच्या शाफ्टचं खालचं बुश किंचित हलतंय, ते नायलॉनचं करून घ्यायचं. एग्झॉस्टच्या सायलेन्सरमधलं भरण बदलायचं, शेजारच्या वाड्यातून आवाजाची तक्रार आली आणि ती रास्त आहे. पुढचा उजवा टायर आतून झिजतोय, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) परत मोजायचा. भाच्यासाठी सीट पुढे घ्यायला सुटे आधार बनवायचे आणि त्याच्या मापाचं हेल्मेट घ्यायचं, त्याशिवाय त्याला बसू देणार नाही.